राजीनामा, जुन्या अर्थानं

लिंबराज नानांना लढाईत रस नाही. टीव्हीवर रणगाडे आणि पेटलेल्या इमारती दिसायला लागल्या की ते चष्मा काढून उपरण्याच्या टोकानं पुसत बसतात. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढतो तो लढाई थांबून दोन्हीकडची माणसं टेबलाला बसली म्हणजे. मग नाना पडद्याच्या इतके जवळ सरकतात की घरातल्या बाकीच्यांना परराष्ट्रमंत्र्यांच्या जागी नानांची पाठ दिसते. नानांना बघायच्या असतात पाण्याच्या बाटल्या.

असल्या बैठकीत प्रत्येक मंत्र्यापुढं एक बाटली असते आणि बाटलीशेजारी उपडा ग्लास. "बघा सर," नाना मला म्हणतात, "कुणी बूच काढलंय का? न्हाय. म्हंजे ही मंडळी फोटोपुरती बसल्यात. खरं बोलायला लागलेल्या माणसाचा घसा सुकतोय." मी कळंबच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आजवरच्या तहांवर लिहिलेली बरीच जाड पुस्तकं माझ्या ताब्यात आहेत आणि ती वाचणारा बहुधा मी एकटाच आहे. बुचाची ही कसोटी त्यांतल्या एकाही पुस्तकात नाही. पण गेल्या काही वर्षांत ती अग्रलेखांपेक्षा कमी वेळा चुकली, हे मला मान्य करावं लागतं.

नाना आमच्या गावचे. कळंबहून वाशीच्या बाजूला निघालं की आत एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं आत गेलं की आमचं गाव लागतं. वय ऐंशीच्या आसपास, अंगावर धोतर, सदरा आणि बारा महिने एकच काळी टोपी. शेत चांगलं आहे, घर माणसांनी भरलेलं आहे. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून त्यांची नीट काळजी घेतात, म्हणजे त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं की आधी गोळी देतात. त्यामुळं नाना बोलण्यासाठी कळंबला येतात. वाचनालयात माझ्यासमोर बसून सगळी वर्तमानपत्रं चाळतात आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारतात, "कलमं कुठायत?"

कुठंही तह झाला की त्यांना कलमं हवी असतात. कोण हसलं, कुणी कुणाला मिठी मारली, यात त्यांना गम्य नाही. एकदा गावात कुणीतरी शांतता झाल्याचे पेढे वाटत होता. नानांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. कलमं छापून आली तेव्हा पेढ्याला बुरशी लागली होती. नानांनी कलमं आणि पेढा यांची तुलना करून पेढा टाकून दिला.

आमच्या तालुक्यात पूर्वी एकच पक्ष होता आणि त्यात दोन गट होते. आता दोन पक्ष आहेत आणि प्रत्येकात दोन गट आहेत. प्रगती म्हणतात ती हीच असावी. यंदा समुद्रापलीकडं दोन देशांची लढाई थांबली. कोणत्या देशांची ते लिहीत नाही, कारण हे छापून येईपर्यंत ती पुन्हा सुरू झालेली असण्याचा संभव आहे. पण ती थांबल्याचं श्रेय कळंबच्या चौकात वाटलं गेलं. एका पक्षानं भलामोठा फ्लेक्स लावला. वर त्यांचे सर्वोच्च नेते कानाला फोन लावून उभे, आणि खाली तालुक्यातले तीसेक कार्यकर्ते, तेही कानाला फोन लावून. एकंदर असं वाटत होतं की इतक्या जणांनी एकदम फोन केल्यावर त्या दोन देशांना लढाई चालू ठेवणं अवघड झालं असणार.

दुसऱ्या पक्षानं त्या फ्लेक्सखालीच धरणं धरलं. बोलण्यांच्या टेबलाला आपल्या देशाला खुर्ची का नाही, असा त्यांचा सवाल होता. धरण्याला बसलेल्यांतला एकजण नानांना बाजूला घेऊन हळूच विचारत होता, की लढाई नेमकी कुणाकुणात होती. नानांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. नदी कुठली, बंदर कुठलं, डोंगर कुणाचा. तो म्हणाला, "नाना, एवढं सांगत बसाय टाइम न्हाय. आपण कुणाकडनं हाव तेवढं सांगा."

कायमचा करार झाला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी नानांच्या हातून एक राजकीय उलथापालथ झाली. करारावर सह्या झाल्याचं त्यांनी माझ्या मोबाईलवर वाचलं. वाचून समाधानानं उठले, स्टँडसमोरच्या हॉटेलात गेले आणि मालकाला म्हणाले, "झाला बाबा एकदाचा राजीनामा. दोघांनी बी दस्तखत केलं. लई ताणलं होतं."

शेजारच्या टेबलावर फ्लेक्सवाल्या पक्षाचा एक कार्यकर्ता भजी खात होता. त्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाचं आणि सरचिटणीसाचं तेव्हा जाहीर वाकडं होतं. त्यामुळं 'दोघांनी' हा शब्द त्याला बरोबर लागला. भजी तशीच टाकून तो बाहेर पळाला. नानांचा चहा बशीत ओतून होईपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर बातमी होती: अध्यक्ष आणि सरचिटणीस, दोघांचे राजीनामे. चौकात फटाके वाजले. ते विरोधकांनी वाजवले असते तर समजण्यासारखं होतं, पण पहिली माळ अध्यक्षांच्याच पक्षातून लागली.

अध्यक्ष त्या वेळी धाराशिवला होते, जागतिक शांततेनिमित्त मोटारसायकल रॅली काढायच्या बैठकीत. त्यांना फोनवर फोन यायला लागले. काही सांत्वनाचे होते, काही त्यांच्या जागेसाठी शुभेच्छा मागणारे होते. त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की मी राजीनामा दिलेला नाही, देणार नाही आणि देण्याचं काही कारणही नाही. तोवर कुणी त्यांना कारण विचारलंही नव्हतं. पण विषय निघालाच आहे म्हटल्यावर वरच्या नेत्यांनी त्यावर विचार केला, आणि फटाके दोन्हीकडं वाजले हेही त्यांच्या लक्षात आलं. थोड्याच दिवसांत अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणावरून खुर्ची सोडली. त्यांच्यासारखी ठणठणीत प्रकृती तालुक्यात दुसऱ्या कुणाची नसेल.

माजी अध्यक्षांची माणसं जाब विचारायला नानांच्या घरी गेली. मीही योगायोगानं तिथं होतो. नानांना आपण काय केलं हे मुळात कळेचना. मग त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा सांगितला आणि शब्द समजावून दिला. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात आयुष्यभर कोर्टकचेरी करत होते. त्यांच्या तोंडात राजीनामा या शब्दाचा एकच अर्थ होता.

"राजीनामा म्हंजे राजी झाल्याचा नामा," नाना म्हणाले. "दावा लावणारा राजी, ज्याच्यावर लावला त्यो राजी. दोघांचं दस्तखत, मुकदमा खारीज. आता मला सांगा, तुमच्यात खुर्ची सोडाय कोण राजी असतंय? मग त्याला राजीनामा कसं काय म्हंता?"

माणसांनी चहा संपवला. मग त्यांच्यातला वयानं मोठा म्हणाला, "नाना, तुमचं खरं हाय. पर बाहेर बोलताना समेट म्हणत जावा."

"समेट भांडणाचा होतोय," नाना म्हणाले. "राजीनामा मुकदम्याचा. ह्या दोन देशांचा मुकदमाच हाय."

मुकदमा हा नानांचा जिव्हाळ्याचा विषय असण्याचं कारण म्हणजे त्यांचा स्वतःचा एक आहे. सुग्रीव तात्या म्हणून त्यांचे बांधाला बांध असलेले शेजारी आहेत, नानांच्याच वयाचे. दोघांच्या शेतांमधला बांध कुणीतरी कधीतरी सरकवला. कुणी आणि कुठल्या दिशेला, हे कळंबचं कोर्ट ठरवणार आहे. दावा नानांनी लावला, म्हणजे नाना वादी आणि तात्या प्रतिवादी. वादातली पट्टी बाजेएवढी रुंद आहे. कोर्टाच्या मनाईमुळं ती कुणी नांगरत नाही. तिथं बोरीची झुडपं माजली आहेत आणि त्यांत एक मुंगूस राहतं. प्रत्यक्ष ताबा त्याचा आहे.

गावात दोघांचं बोलणं बंद आहे. लग्नाच्या पंगतीला ते एका ओळीत बसत नाहीत. तात्या मारुतीच्या देवळात असले तर नाना पारावर थांबतात, आणि मारुती मोकळा झाला की आत जातात. तात्या एका पक्षात म्हणून नाना दुसऱ्यात. मध्यंतरी तात्यांचा नेता आपल्या सगळ्या माणसांसह नानांच्या पक्षात आला. जिल्ह्यानं त्याचं स्वागत केलं. नानांनी त्याच संध्याकाळी पक्ष सोडला आणि तात्या ज्या पक्षातून आले होते, त्या ओस पडलेल्या पक्षात जाऊन बसले. काही दिवस आमच्या गावात त्या पक्षाचे ते एकटेच होते.

आता तारखेच्या दिवसाबद्दल सांगतो. आमच्या गावातून सकाळी कळंबला एकच एसटी सुटते. मीही रोज तिनंच जातो. तारखेच्या दिवशी नाना शेडमध्ये उभे असतात आणि तात्या रस्त्याच्या पलीकडं. गाडीत चढल्यावर नाना पुढं बसतात, तात्या पार मागं. गाडी फाट्यापर्यंत येते, मोठ्या रस्त्याला लागते. मग तात्या उठतात, दांडीला धरत धरत पुढं येतात आणि नानांशेजारी बसतात. कंडक्टर ती जागा कुणाला देत नाही. दोन फडकी सुटतात. एका घरची शेंगदाण्याची चटणी आणि दुसऱ्या घरचा ठेचा एकाच भाकरीवर येतो.

"काय लिंबराज," तात्या सुरुवात करतात, "तुझं सैन्य पळालं म्हणं काल."

"पळालं न्हाय, मागं सरकलंय. तुझ्यागत बांध घेऊन सरकत न्हाय ते."

जगातली प्रत्येक लढाई त्यांनी आपसांत वाटून घेतलेली आहे. एक देश नानांचा, दुसरा तात्यांचा. वाटणी कशी होते याला काही तत्त्व नाही. तात्यांनी आधी बोट ठेवलं तो त्यांचा, उरला तो नानांचा. मग नाना त्या देशाच्या बाजूनं असं बोलतात, की त्या देशाच्या वकिलातीनं ऐकलं तर त्यांना लगेच नेमणूक मिळेल. कोर्टात दोघं एकाच बाकावर बसतात. वकील वेगळे, चहा एक. वकील पुढची तारीख मागून घेतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं दोघं परततात. फाटा आला की तात्या उठून मागं जातात. गावात उतरतात ते दोन शत्रू.

गाडीत गावची पंधरावीस माणसं तरी असतात. म्हणजे गाडीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, आणि गावात मात्र कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या राष्ट्रांचे परराष्ट्र विभागही इतकी शिस्त पाळत नसतील. एकदा मी नानांना विचारलं होतं, की हे असं फाट्यावर बोलणं सुरू आणि फाट्यावर बंद का. ते म्हणाले, गावात बोललं तर दावा कशाला लावला म्हणतील. मी विचारलं, मग दावा काढून का घेत नाही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी एखाद्या देशाला नकाशातून काढायला सांगितलंय.

यंदाच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे आमच्या दोन्ही पक्षांच्या वरच्या नेत्यांची मुंबईत दिलजमाई झाली. समुद्रापलीकडच्या कराराची हवा होतीच. तेव्हा गावोगावचे जुने वाद मिटवा, फोटो काढा आणि वर पाठवा, असा आदेश खाली आला. दुसरी म्हणजे सुग्रीव तात्यांचे गुडघे गेले. दिसायलाही कमी झालं. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला असतो. त्यानं बापाला कायमचं घेऊन जायचं ठरवलं. शेत बटईनं दिलं, घराला कुलूप लावायचं नक्की केलं. अडत होतं ते एका दाव्यावर. दावा नेमका तात्यांच्या उलटतपासणीवर आलेला, आणि तिच्यासाठी माणूस जातीनं हजर लागतो.

नव्या तालुकाध्यक्षांना ही जोडी म्हणजे आयतीच सापडली. लोकअदालत जवळ आली होती. लिंबराज नाना आणि सुग्रीव तात्या यांचा ऐतिहासिक समेट घडवायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पट्टीची मधोमध वाटणी, अर्धी ह्यांना, अर्धी त्यांना. मुंगसाचं मत कुणी घेतलं नाही. तात्यांचा मुलगा लगेच तयार झाला. तात्या म्हणाले, लिंबराज म्हणंल तसं. म्हणजे सगळं नानांवर येऊन ठेपलं, आणि नानांबद्दल कुणाला शंका असायचं कारण नव्हतं. साऱ्या जगानं राजीनामा करावा म्हणून आयुष्यभर जीव टाकलेला माणूस. अध्यक्षांनी फ्लेक्स आधीच छापून घेतला. त्यात नाना आणि तात्या हातात हात घालून उभे होते. दोन वेगळे फोटो जोडल्यामुळं नानांना तीन हात आले होते, तेवढं सोडलं तर काम चांगलं होतं.

नानांनी आधी मध्यस्थावर हरकत घेतली. हा दोघांमधला मामला आहे, तिसऱ्याची मध्यस्थी चालणार नाही. अध्यक्ष म्हणाले, मी मध्यस्थ नाही, मी फक्त मध्ये बसणार आहे. मग पूर्वबैठकीच्या टेबलावर हरकत आली. लांब टेबल नको, त्याला वरचं आणि खालचं टोक असतं. अध्यक्षांनी मांडववाल्याकडून गोल टेबल आणलं. नाना आले, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, गोल टेबलाला समोरची बाजूच नसते, मग मी सुग्रीवच्या समोर बसलो की शेजारी ते ठरणार कसं. त्यावर तात्यांनीही तोंड उघडलं. लिंबराज आधी आत आला, म्हणजे माझी वाट बघितली नाही, ही बैठक मला मान्य नाही. नाना म्हणाले, बघा, त्याची हरकत रास्त आहे. बैठक मोडली. अध्यक्ष मला नंतर म्हणाले, "सर, या दोघांना देशाच्या कामाला पाठवा. जगात कुठलाच करार व्हायचा न्हाय."

लोकअदालतीच्या दिवशी तात्या एसटीनं आले नाहीत. मुलानं पुण्याहून गाडी आणली होती. कोर्टाच्या आवारात मांडव होता, गर्दी होती, अध्यक्षांचा फोटोग्राफर होता. मी दुपारच्या सुट्टीत गेलो. पुकारा झाला तेव्हा तात्यांना त्यांच्या मुलानं धरून आणलं. नाना एकटे उठले.

न्यायाधीश बाई वयानं लहान, पण शांत होत्या. त्यांनी वाटणीची अट वाचून दाखवली आणि विचारलं, "आजोबा, राजी आहात का?"

नाना म्हणाले, "न्हाय."

मांडवात जरा हालचाल झाली. बाईंनी विचारलं, कोणती अट मान्य नाही. नाना म्हणाले, अट चांगली आहे. मग अडचण काय. नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. तात्यांच्या मुलाला रात्रीपर्यंत पुण्याला पोचायचं होतं. त्यानं वकिलाच्या कानाला लागून काहीतरी ठरवलं आणि पुढं येऊन म्हणाला, "नाना, सगळी पट्टी तुमची. आमचं काहीच म्हणणं न्हाय. सही करा आन् मिटवा."

इतक्या वर्षांचा दावा नानांनी उभ्याउभ्या जिंकला होता. अध्यक्षांनी फोटोग्राफरला खूण केली. नानांनी तात्यांकडं बघितलं. तात्या खाली बघत होते, की त्यांना तेवढंच दिसत होतं, ते सांगता येणार नाही.

"पट्टी नगं मला," नाना म्हणाले. "म्या दावा लावलाय. त्याची उलटतपासणी व्हाय पायजे. मंग काय ते कोर्टानं ठरवावं."

लोक हसले. एकदोघांनी शिव्याही दिल्या. तात्यांचा मुलगा बापाला घेऊन तिथूनच पुण्याला गेला. संध्याकाळच्या एसटीत नाना नेहमीच्या जागी बसले होते. कंडक्टरनं शेजारची जागा सवयीनं मोकळी ठेवलेली. मी तिथं बसलो. गावची माणसं गाडीत होती, ती नानांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होती. ऐंशीच्या घरात आला तरी हाव सुटत नाही. दुसऱ्यांच्या लढाया मिटवायला निघालाय आणि स्वतःचा वीतभर बांध सुटत नाही. नाना खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "राजीनामा झाला असता तर त्याला पुण्यास्नं हिकडं कुणी आणलं असतं, सर?"

फाटा आला, गेला.

पुढच्या आठवड्यात नानांचे वकील वाचनालयात आले. गृहस्थ हैराण होते. तात्यांच्या मुलानं अर्ज केला होता, की वडिलांची तब्येत बघता त्यांची उलटतपासणी पुण्याहूनच पडद्यावर घ्यावी. हल्ली तसं होतं. वकिलांनी नानांना सांगितलं की त्यात आपलं काही नुकसान नाही, उलट काम लवकर उरकेल. नानांनी त्यांना कडाडून विरोध करायला लावला. माणूस समोर पाहिजे, असं लिहा म्हणाले. वकिलांनी कारण काय लिहायचं विचारलं. नाना म्हणाले, पडद्यावर माणसाचा चेहरा कळत नाही. वकील मला विचारत होते की म्हातारा असा हट्टी का आहे, तुम्ही त्याला ओळखता. मी म्हणालो, परराष्ट्र धोरण आहे, आपल्याला त्यातलं कळत नाही. त्यांनी विरोधाचा अर्ज टाकला आणि कोर्टानं तो मान्य केला. तात्यांनी जातीनं हजर राहावं, असा हुकूम झाला.

आषाढात तारीख लागली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. प्राचार्यांनी कारण विचारलं तेव्हा कोर्टाचं काम असं सांगितलं.

नाना सकाळपासून बाकावर होते. तात्यांच्या मुलानं गाडी दारात थांबवली, वडिलांना उतरवलं आणि गाडी कुठं लावायची ते शोधायला निघून गेला. तात्या वाळले होते. पुण्यात त्यांना कुणी टोपी घालू देत नसावं, डोकं उघडंच होतं. ते बाकापर्यंत आले तसे नाना सरकले.

"कोण?" तात्यांनी विचारलं.

"वादी," नाना म्हणाले.

तात्या बसले. दम खाल्ला. म्हणाले, त्यांच्या मुलाच्या घरी टीव्ही आहे, पण सून बातम्या लावत नाही. लढाईचं काय झालं. नानांनी सांगितलं की करार झालाय, पण कलमांवरून पुन्हा बोलणी लागली आहेत, तिसरी फेरी चालू आहे. तात्यांनी विचारलं, माझ्या देशाचं कसं काय. नाना म्हणाले, तुझा देश लबाड आहे, नकाशाच बदलून आणला. तात्या खूष झाले. मग बराच वेळ दोघं नकाशावरून भांडत बसले. शेजारच्या बाकावरची बाई त्यांच्याकडं बघत होती. तिला वाटलं असणार की शेतीचाच वाद आहे.

"लिंबराज विरुद्ध सुग्रीव," शिपायानं दारातून पुकारलं.

नानांनी तात्यांच्या काखेत हात घातला. वादी आणि प्रतिवादी एकमेकांच्या आधारानं उंबरा ओलांडून आत गेले. मी मागं भिंतीशी उभा राहिलो.

न्यायाधीश बाईंनी नानांच्या वकिलांना विचारलं, उलटतपासणी घेताय ना. वकिलांनी नानांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, कागद अजून अभ्यासायचे आहेत, मुदत मिळावी. बाई चिडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. एवढ्या आजारी माणसाला पुण्याहून आणायला लावलंत आणि मुदत मागता, असं म्हणाल्या. शेजारच्या कारकुनानं डायरी उघडली आणि दिवाळीनंतरची एक तारीख सुचवली.

नाना पुढं झाले. हात जोडले.

"बाईसाहेब, इतकी लांबची नगं. जवळची द्या."

बाईंना ते कळलं नाही. तयारी नाही म्हणून मुदत हवी आणि तारीख मात्र जवळची हवी, असा वादी त्यांनी पाहिला नसावा. त्यांनी तात्यांकडं वळून विचारलं, आजोबा, तुम्हाला प्रवासाचा त्रास होतो, तुमची हरकत असेल तर सांगा. तात्यांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागं हात धरला. नानांनी त्यांच्या कानाशी वाकून तोच प्रश्न मोठ्यानं पुन्हा विचारला.

"न्हाय," तात्या म्हणाले. "आमची हरकत न्हाय."

तात्यांचा मुलगा तेवढ्यात दारात पोचला होता, पण त्याला बोलायला उशीर झाला. बाईंनी दोघांकडं जरा वेळ बघितलं. मग कारकुनाची डायरी स्वतःकडं ओढून घेतली, मागं पानं उलटली आणि त्याच महिन्यातली तारीख लिहिली.